उचल, मुकादम आणि "आमच्या कुटुंबात सामील व्हा"

परवा नगर-मनमाड रस्त्यावर एक होर्डिंग दिसलं. हेल्मेट घातलेली तीन पोरं, एक मुलगी, सगळे हसतायत आणि खाली लिहिलंय, आमच्या कुटुंबात सामील व्हा. साबण नाही, फ्लॅट नाही, नोकरीची जाहिरात. सोबत भाचा होता, पुण्यात एचआरमध्ये आहे. तो म्हणाला, "मामा, याला एम्प्लॉयर ब्रँडिंग म्हणतात. हे करणाऱ्या वेगळ्या एजन्स्या असतात." कामगारांच्या मुलाखती घ्यायच्या, रील काढायच्या, कॉलेजात जाऊन कंपनीचं नाव रुजवायचं. माल विकायचा नाही, मालक विकायचा.

हा शब्द तसा तरुण आहे. सायमन बॅरो हा जाहिरात धंद्यातला माणूस आणि लंडन बिझनेस स्कूलचे टिम अँबलर यांनी 1996 साली यावर लेख लिहिला आणि शब्द रूढ झाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गिऱ्हाईक जसं नाव बघून माल घेतं, तसा माणूसही नाव बघून नोकरी धरतो. त्या नावात काम, पैसा आणि मनाचं समाधान असं तिन्ही आलं पाहिजे.

शब्द लंडनचा असेल, पण हे काम आपल्या जिल्ह्यात त्याच्या आधी कैक वर्षं चालू होतं. फक्त एजन्सीचं ऑफिस नव्हतं. ती पाथर्डीच्या चहाच्या टपरीवर बसायची आणि तिला मुकादम म्हणायचे.

थोडं मागे जाऊ. भंडारदरा धरण 1926 ला पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूर, राहुरीकडची जमीन भिजली, ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनी, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स असे खासगी कारखाने उभे राहिले. या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या (खंडकऱ्यांचा पुढचा लढा तुम्हाला माहीतच आहे) आणि स्वतःच ऊस पिकवला. शेत कंपनीचं, चाळ कंपनीची, हजेरीही कंपनीची. वागणूक कशी होती तो वेगळा विषय, पण मालक कोण हे मजुराला ठाऊक असायचं.

1950 साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि चित्र बदललं. आता ऊस कारखान्याचा नव्हता, हजारो सभासदांचा होता. प्रत्येकाचा ऊस पाळीने, वेळेत तोडून गव्हाणीत पडला पाहिजे, कारण तोडलेला ऊस वाळला की उतारा घसरतो. म्हणून तोडणीचं नियोजन कारखान्याने हातात घेतलं. माणसं मात्र बागायती पट्ट्यात मिळेनात. ती होती पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या माळरानावर आणि पलीकडे बीडमध्ये. त्या माणसांपर्यंत जायला कारखान्याला मुकादम लागला. 1972 च्या दुष्काळानंतर तर हा रस्ता आणखी मळला.

मुकादमाकडे काय होतं? एक, ओळख. तो त्याच गावचा, बहुतेक वेळा भावकीतला. स्वतः कधीतरी कोयता चालवलेला. दोन, उचल. पावसाळा संपायच्या आधी, घरात दाणा नसताना किंवा लेकीचं लग्न ठरलेलं असताना हातावर ठेवलेले रोख पैसे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यावर. आजच्या आयटी कंपन्या जॉइनिंग बोनस देतात ना, तसंच वाटतं वरवर. फरक एवढाच की ही उचल पुढे कामातून फिटते. हंगामाचा पट्टा पडेपर्यंत फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या वहीत जाते. आजारपणात खाडा झाला तर तोही त्याच वहीत.

तिसरी गोष्ट म्हणजे कारखान्याचं नाव. हे फार कुणी लिहिलेलं नाही. तोडणी कामगारांत प्रत्येक कारखान्याची एक पत असते. कुठे वजनकाटा सरळ आहे, कुठे गाडी काट्यावर ताटकळते, कुठे चिटबॉय नीट बोलतो, कोपी टाकायला बरी जागा आणि पाणी कुठे मिळतं, वाढं विकून वरखर्चाला चार पैसे सुटतात की नाही. दसरा झाला की ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, पोरं चढायची, तेव्हा हे सगळं बोलून झालेलं असायचं. बॅरोसाहेबांच्या लेखात जे आहे ते सगळं यात आहे. होर्डिंग मात्र एकही नव्हतं. बायकांनी बायकांना सांगितलेलं असायचं.

कागदावर होर्डिंगसारखं काही होतं ते आमच्या धंद्यात. चेअरमनच्या वाढदिवसाची पुरवणी. मी स्वतः अशा पुरवण्यांत "कारखाना नव्हे, कुटुंब" छापाचे मजकूर लिहिलेत. पैसे जाहिरातीच्या बिलातून यायचे, नाव माझं नसायचं. एकदा एका मजकुरात मी कोपीतल्या बायकांना अंघोळीला आडोसा नसल्याचं एक वाक्य घातलं. पुरवणी छापून आली तेव्हा त्या वाक्याच्या जागी नव्या अतिथीगृहाचा फोटो होता. मीही काही बोललो नाही, खोटं कशाला सांगू.

शाळा, दवाखाना, कॉलनी, दिवाळीची साखर हे सगळं आपल्या कारखान्यांनी केलं, आणि ते खरंच मोठं काम आहे. लोणीची ओळख आज साखरेइतकीच दवाखान्याची आणि कॉलेजांची आहे. त्यावर बाहेरचे डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअर जिल्ह्यात आले, टिकले. पण ते कुटुंब कायम नोकरांचं आणि सभासदांचं. ऊस ज्यांनी तोडला ते त्या कुटुंबात नव्हते, कारण कागदावर ते कारखान्याचे कामगारच नव्हते. करार व्हायचा मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. काही बरंवाईट झालं की कारखाना म्हणणार, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणणार, कारखान्याने बिल काढलं नाही.

मुकादम सगळेच खलनायक असंही नाही. उचल घेऊन टोळी पळाली की याच्या जमिनीवर बोजा चढतो. उलट टोळीच्या नावावर पैसे घेऊन पसार झालेले मुकादमही आहेत. पोलीस ठाण्यात दोन्ही बाजूंच्या तक्रारी असतात.

पाथर्डीचे बबनराव ढाकणे, परळीचे गोपीनाथ मुंडे यांनी या माणसांचा प्रश्न विधानसभेपर्यंत नेला. संप झाले, दर वाढले. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. त्याच करारात मुकादमाचं कमिशन 19 वरून 20 टक्के झालं. म्हणजे माणूस आणून देणाऱ्याचा दरही दोन्ही बाजूंनी बसून ठरवला जातो. मुंडेंच्या नावाने कल्याण महामंडळ झालं. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि तेवढेच सरकारचे, असं ठरलं.

आणि 2019 ला नीलम गोऱ्हे समितीसमोर शेजारच्या बीडमधला आकडा आला. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. खाडा परवडत नाही म्हणून पिशवीच काढून टाकलेल्या बायका त्यात होत्या. कुठल्याच कारखान्याच्या अहवालात या बायका नाहीत. असतील कशा, त्या कुणाच्या कामगारच नव्हत्या.

आता परत होर्डिंगकडे. सुपा, नागापूर एमआयडीसीत कामाला जाणारी बरीच पोरं याच कोयत्यांच्या घरातली आहेत. आईबापांनी बारा-पंधरा हंगाम काढून त्यांना आयटीआय केलं. पाथर्डी तालुक्यातला असा एक पोरगा माझ्याकडे आला होता, नेमणुकीचा कागद वाचून घ्यायला. ज्या कंपनीची रील बघून तो गेला, तिचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. वर नाव मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचं. मुदत अकरा महिने. गेटपासला अनामत रक्कम, पगारातून कापणार.

त्याची आई सोबत होती. वीस वर्षं ऊस तोडलेली बाई. तिने मला विचारलं, "भाऊ, मंग मुकादम कोण हाय याचा?" मी ठेकेदाराच्या नावावर बोट ठेवलं. तिने पोराकडे बघितलं आणि म्हणाली, "उचल किती दिली त्यानं?" पोरगा म्हणाला, उचल नाही, उलट आपणच भरायचे. त्यावर ती काही बोलली नाही. कागदाची घडी घालून तिने पिशवीत ठेवली.

जुन्या उचलीच्या वह्या, टोळीच्या याद्या, मुकादमाशी केलेले स्टँपवरचे करार कुणाच्या घरात पडलेले असतील तर कृपया रद्दीत घालू नका. मला फोटो पाठवा, नाव छापणार नाही. कारखान्यांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका माझ्याकडे ढीगभर आहेत. या वह्या एकही नाही.