पान्हा कुणाचा? दत्तक मूल, दूधआई आणि आपला इतिहास



निवृत्तीनंतर मैंदर्गीत बोलायची माझी ही पहिलीच वेळ. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "दत्तक घेतलेल्या बाळाला अंगावर पाजणं." फोनवर जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, तत्त्वज्ञानावर काही नाही का?" मी म्हटलं, यात तत्त्वज्ञान आहे, इतिहास आहे, आणि थोडं माझं घरही आहे. घरापासूनच सुरुवात करतो.

माझा जन्म 1951 चा, याच गावातला. मी आठ दिवसांचा असताना आई गेली. घरात आजी होती, वडिलांची आई. शेळीचं दूध पातळ करून बोंडल्यानं पाजायचं, असं ठरलं. पोर रात्रभर रडायचं, म्हणून आजी मला नुसतं शांत करायला छातीशी लावायची. तिचं शेवटचं मूल पाच-सहा वर्षांपूर्वीच अंगावरून सुटलेलं. तीन-चार आठवड्यांनी तिला दूध आलं. थोडंच होतं, पण आलं. शेळीचं दूध बंद झालं नाही, पण पोर तगलं. ते पोर आज तुमच्यासमोर उभं आहे.

हे मला कळलं कधी? आजी गेल्यावर, दहाव्या दिवशी. थोरल्या आत्यानं सांगितलं. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. आजीनं जन्मभर हे लपवलं होतं. का लपवलं? कारण तिला दूध आलं तेव्हा आजोबांना जाऊन चार वर्षं झाली होती. विधवेच्या अंगाला दूध! गावात काय अर्थ निघाला असता, हे मी सांगायला नको. ती दार लावून पाजायची.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला: दूध नेमकं कुणाचं असतं? जिनं जन्म दिला तिचं, की जे मूल पितं त्याचं?

आता इतिहासाकडे येऊ. आपल्याकडे दत्तकाचा इतिहास भरपूर आहे, पण त्यात दूध नाही. बघा कसं ते. 1853 मध्ये झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी मुलगा दत्तक घेतला, दामोदरराव. त्याचं वय साधारण पाच. 1875 मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला, तेच सयाजीराव गायकवाड. वय बारा. 1884 मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला, तेच राजर्षी शाहू. वय दहाच्या आत-बाहेर. मुंबई इलाख्यातल्या हिंदू कायद्यात तर लग्न झालेला, पोरंबाळं असलेला माणूसही दत्तक जाऊ शकत होता. आता अशा दत्तकाला दूध कोण पाजणार, आणि कशाला? दत्तक होता तो नावासाठी, वतनासाठी, पिंडदानासाठी. म्हणून तो मुलगाच असायचा. 1848 मध्ये साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, तेही दत्तक नामंजूर करूनच. सगळा वाद गादीचा. पाळण्याचा वाद कुठेच नाही.

आपल्या अक्कलकोटचीच गोष्ट घ्या. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत येत होते. वाटेत पारद गावी लढाई झाली, तिथले पाटील सयाजी लोखंडे मारले गेले. पाटलाच्या विधवेनं आपला लहानगा राणोजी महाराजांच्या पायाशी घातला. महाराजांनी त्याला पदरी घेतलं, पहिली फत्ते म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह आणि आपलं भोसले आडनाव दिलं. तोच अक्कलकोट संस्थानाचा मूळपुरुष. आपण ही गोष्ट नेहमी महाराजांच्या बाजूनं सांगतो. मला त्यात ती माउली दिसते, जिला पोराचा जीव वाचवायला पोर देऊन टाकावं लागलं. त्याला 'मानसपुत्र' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यातही नातं मनाचं आणि नावाचं. देहाचं नाही.

दुसरीकडे दुधाचाही इतिहास आहे, आणि त्यात नाव नाही. अपवाद एक, कापूरहोळच्या धाराऊ गाडे. संभाजीराजांचा जन्म 14 मे 1657 चा. सईबाईंची प्रकृती खालावलेली, 5 सप्टेंबर 1659 ला त्या गेल्या. राजांना दूध पाजलं ते धाराऊंनी. त्यांची मुलं अंतोजी आणि रायाजी हे राजांचे दूधभाऊ. आपल्या भाषेत 'दूधआई', 'दूधभाऊ' हे शब्द आहेत, म्हणजे हे नातं समाजाला मान्य होतं. पण धाराऊंचं नाव राहिलं ते मूल छत्रपतींच्या घरचं म्हणून. बाकी हजारो दूधआया कुठे गेल्या, कुणी लिहून ठेवलं नाही.

आयुर्वेदानं तिला 'धात्री' म्हटलं. चरक आणि सुश्रुत दोघांनीही धात्री कशी निवडावी, याची मोठी यादी दिली आहे: वय, प्रकृती, स्वभाव, दुधाची परीक्षा. त्यात ती आपल्याच वर्णाची असावी, हेही आहे. म्हणजे दुधातून काहीतरी मुलात उतरतं, अशी भीती होती. इस्लाममध्ये याचीच दुसरी बाजू दिसते. तिथं दत्तकानं वंश बदलत नाही, पण दुधानं नातं तयार होतं. पहिल्या दोन वर्षांत जिनं पाजलं ती आई, तिची मुलं भावंडं, आणि त्यांच्यात लग्न निषिद्ध. किती वेळा पाजल्यावर हे नातं लागतं, यावर पंथापंथांत मतभेद आहेत, पण तत्त्व एकच. म्हणून आज काही मुस्लिम कुटुंबांत घरी आणलेल्या बाळाला मुद्दाम अंगावर पाजलं जातं, म्हणजे ते कायमचं घरचं होतं.

तर एका बाजूला नाव देणारे लोक, दुसऱ्या बाजूला दूध देणाऱ्या बायका. ही दोन टोकं आपल्याकडे जवळ आली एकोणिसाव्या शतकात, आणि ती आणली विधवांच्या प्रश्नानं. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. 1875 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, न्यायखात्यातले लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं, प्रार्थना समाजाच्या छायेत तसंच गृह उभं राहिलं. आज ते नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखलं जातं. फुले दांपत्यानं 1874 मध्ये एका ब्राह्मण विधवेचं मूल स्वतः घेतलं, तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणता आणता सावित्रीबाई गेल्या.

यात नवं काय होतं? इथं मूल पाच वर्षांचं किंवा बारा वर्षांचं नव्हतं. ते तान्हं होतं. त्याला नावाआधी दूध हवं होतं. अनाथ अर्भकांच्या संस्था जगात कुठेही काढा, पहिला प्रश्न हाच. फ्लॉरेन्सच्या इनोचेन्ती अनाथगृहाचं दार 1445 मध्ये उघडलं. तिथली बाळंसुद्धा खेड्यापाड्यांत दूधआयांकडे पाठवावी लागत. निर्जंतुक बाटली आणि दुधाची पावडर येण्याआधी वरच्या दुधावर तान्हं मूल जगणं हे नशिबावरच असायचं.

आता जरा माझ्या विषयात शिरतो. सांख्यकारिकेत एक दृष्टांत आहे. जड प्रकृती पुरुषासाठी कशी काम करते? तर वासराच्या वाढीसाठी दूध आपोआप वाहतं, तशी. दुधाला काही कळत नाही, तरी ते वाहतं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात याला उत्तर दिलं. ते म्हणतात, आपोआप कुठे? गाय सचेतन आहे, तिच्या वात्सल्यानं दूध वाहतं, आणि वासरू चोखतं म्हणून ते ओढलं जातं. मी हा उतारा वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. दृष्टांत म्हणून शिकवला, फळ्यावर पूर्वपक्ष-उत्तरपक्ष लिहिले, आणि घरी आलो. आत्यानं सांगितल्यानंतरच्या वर्षी पुन्हा तोच उतारा शिकवताना मी मध्येच थांबलो. वात्सल्य आणि चोखणं. दोनच कारणं दिली होती आचार्यांनी. प्रसव हे कारण त्यात नव्हतं!

आता आचार्यांना आधुनिक विज्ञान माहीत होतं, असला दावा मी करणार नाही. त्यांनी गाय नीट बघितली होती, एवढंच. तुम्हीही बघितली आहे. वासरू लावल्याशिवाय गाय पान्हवत नाही. वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात भुसा भरून गाईपुढे ठेवतात. सुश्रुतानंही लिहिलं आहे की मुलाच्या स्पर्शानं, दर्शनानं, नुसत्या आठवणीनंही दूध उतरतं.

विज्ञान काय सांगतं? दूध तयार करणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन. 1930 च्या दशकात अमेरिकेत ऑस्कर रिडल यांनी कबुतरांवर काम करून ते ओळखलं. कबुतरात नर आणि मादी दोघंही पिल्लाला गळ्यातल्या पिशवीतलं 'दूध' भरवतात, हेही लक्षात घ्या. दुसरं ऑक्सिटोसिन, म्हणजे आपला पान्हा. गरोदरपणात स्तनातल्या ग्रंथी वाढतात, ती तयारी मोठी असते, हे खरं. पण पुढे दूध चालू राहतं ते मूल ओढतं म्हणून. जेवढं ओढेल तेवढं बनेल. म्हणून जिनं पूर्वी पाजलं आहे तिला पुन्हा दूध येऊ शकतं, आणि जी कधीच गरोदर नव्हती तिलाही काही प्रमाणात येऊ शकतं.

आज हे ठरवून केलं जातं. बाळ येण्याआधी काही आठवडे पंपानं दिवसातून सात-आठ वेळा स्तन रिकामे करायचे. काही ठिकाणी डॉक्टर संप्रेरकं किंवा औषधं देतात. ती स्वतःच्या मनानं घ्यायची नाहीत बरं का, त्यातल्या काहींचा हृदयावर परिणाम होतो. बाळ आलं की वरचं दूध एका बारीक नळीतून, स्तनाग्राजवळ नळी चिकटवून द्यायचं. बाळाला वाटतं दूध इथूनच येतं, ते ओढत राहतं, आणि ओढल्यामुळे खरोखर यायला लागतं. अमेरिकेत दत्तक घेणाऱ्या आयांसाठी 1970 च्या सुमारास असं साधन निघालं. 1998 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पुन्हा दूध आणण्याच्या पद्धतींवर पुस्तिकाच काढली. आपल्याकडे 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. अनोळखी आईचं दूध, जात न विचारता, दुसऱ्याच्या बाळाला. धात्रीच्या यादीतली वर्णाची अट तिथं फ्रीजमध्येच विरघळली म्हणा ना.

मग अडचण कुठे आहे? कायद्यात आणि आपल्यात. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानं मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, हे मोठं पाऊल. पण आज संस्थेत सोपवलेल्या बाळाच्या जन्मदात्यांना फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात. ते योग्यच आहे, पारदच्या त्या माउलीला तेवढेही मिळाले नव्हते. त्यानंतर कागदपत्रं. म्हणजे बाळ घरी येतं ते बहुधा काही महिन्यांचं होऊन, बाटलीची सवय लागून. आणि 2017 च्या मातृत्व रजा दुरुस्तीत दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा दिली, तीही बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर! एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, असं ते गणित होतं.

आणि आपल्यात अडचण काय? एका बाजूला "शी, हे काय भलतंच" म्हणणारे लोक. त्यांच्या भीतीनंच माझ्या आजीला दार लावायला लागलं. पण आता दुसरी बाजूही तयार होते आहे: "पाजलं नाहीस, मग तू आई कसली?" हे पहिल्याइतकंच वाईट. बहुतेक दत्तक आयांना पूर्ण पुरेल इतकं दूध येत नाही. काहींना थेंबही येत नाही. काहींना हा खटाटोप नकोच असतो, आणि त्यांचा तो हक्क आहे. सावित्रीबाईंनी यशवंतला वाढवलं, त्यांच्या आईपणाचा हिशेब आपण दुधात करतो का? ज्या बाईची इच्छा आहे, तिला डॉक्टरांनी हसू नये, सासूनं नाक मुरडू नये, कचेरीनं रजा नाकारू नये. माझं मागणं एवढंच आहे.

शेवटी परत घरी येतो. शाळेच्या दाखल्यावर माझ्या आईचं नाव आहे, आणि ते तिथं असायलाच हवं. तिनं मला जन्म दिला आणि त्यात ती गेली. आजीचं नाव माझ्या कुठल्याच कागदावर नाही. आज मी मुद्दाम या गावात, ज्यांच्या भीतीनं तिनं दार लावलं त्यांच्या लेकरानातवंडांसमोर सांगतो आहे, की तिनं मला पाजलं. ध्वनिमुद्रण चालू आहे ना? मग ते उघड्यावर राहू दे. माझ्या आधी तिला जाऊन तीस वर्षं झाली, पण उशीर झाला तरी दार उघडलेलं बरं.

वेळ संपली आहे.  प्रश्न असतील तर आता विचारा. आणि बायकांकडून आधी घेऊ.