टिळकांच्या घरातले धर्मांतर

टिळक म्हटले की आपल्याला लोकमान्य आठवतात. आज बोलायचे आहे ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी. हेही कोकणातले चित्पावनच. जन्म १८६१ चा. नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. तो वाचता वाचता माणूस बदलला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा जवळ नव्हत्या.

नातलगांत आकांत झाला. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. काही काळ पंढरपुरात, बहिणीकडे. कुणी त्यांना हट्टी म्हणतात. मला ते अन्यायाचे वाटते. नवऱ्याने आपला निर्णय घेतला, पण त्याचा जाब समाज विचारत होता तो बायकोला! सवाष्ण म्हणावे तर नवरा बाटलेला, आणि विधवा म्हणावे तर तो जिवंत.

आता त्या काळचा कायदा बघा. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला एक वाट मोकळी ठेवली होती. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने दूर राहिला तर फिर्याद करावी. कोर्ट वर्षभर थांबे, आणि तरीही नकार कायम असला तर विवाह मोडे. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. अहमदनगरला मिशनच्या कामात राहून ते पत्रे लिहीत राहिले, कविता धाडीत राहिले. स्वभावाने तापट माणूस हो! पण या एका बाबतीत त्यांनी चार वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली.

शेवटी लक्ष्मीबाई आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. आपले सोवळे त्या सांभाळीत, आणि टिळक त्याच्या आड येत नसत. पुढे राहुरीला असताना त्यांच्या मनात एक प्रश्न उठला: या जाती देवाने केल्या की माणसाने? माणसाने, असे उत्तर मनाला पटले आणि कोणाच्याही हातचे खायला त्यांनी सुरुवात केली. जात गेली ती अशी, घरातल्या घरात आणि आधी. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली.

टिळक म्हणत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. इंग्रजी चालींवर बसवलेली गीते आपल्या माणसांच्या कानांना परकी वाटतात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी भजने रचली ती अभंगांच्या वळणाची. ज्यांनी त्यांना टाकले होते त्यांच्याच बोलीत ते बोलत राहिले.

१९१९ साली टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचे पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. आणि ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याच्या लहरी, राग, विसरभोळेपणा यांतले काहीएक झाकून ठेवले नाही.