लाल स्विचमागचा इतिहास

#थ्रेड १/७
जुन्या डेस्कटॉप संगणकाच्या पाठीमागे एक छोटा लाल स्विच असे. एका बाजूस ११५, दुसऱ्या बाजूस २३०. अमेरिकेतून आणलेला संगणक हा स्विच न पाहता आपल्याकडे जोडला, तर क्षणात स्फोटासारखा आवाज आणि धूर! हे दोन आकडे आले कोठून?

२/७
१८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले. कार्बन तंतूच्या दिव्यांना मानवेल असा सुमारे ११० व्होल्टचा एकदिश प्रवाह तेथून मिळे. पुढे प्रत्यावर्ती प्रवाह आला. पण दिवे आधीच घरोघरी पोहोचले होते. दाब तोच राहिला.

३/७
बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ च्या सुमारास २२० व्होल्टचा मार्ग धरला. दाब दुप्पट केला, की तेवढीच शक्ती निम्म्या प्रवाहात पोहोचते. त्याच तांब्याच्या तारांवर अधिक घरे उजळतात. युरोप याच वाटेने गेला. भारतातही आज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे.

४/७
जपानची कथा अधिक बोलकी आहे. टोकियोने जर्मन जनित्रे घेतली, ५० हर्ट्झची. ओसाकाने अमेरिकन, ६० हर्ट्झची. एकाच देशात दोन वारंवारता कायम झाल्या.

५/७
मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्व जपानमध्ये विजेचा तुटवडा पडला. पश्चिमेकडून मदत हवी होती, पण वारंवारता बदलणाऱ्या केंद्रांची क्षमता होती जेमतेम १,००० मेगावॅटच्या आसपास. एकोणिसाव्या शतकातील खरेदीची किंमत टोकियो परिसराने आळीपाळीच्या भारनियमनात मोजली.

६/७
आता पुन्हा स्विचकडे. संगणक आलेल्या विजेचे प्रथम एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. त्यामुळे ५० की ६० हर्ट्झ, याने त्याचे बिघडत नाही. दाबाचे मात्र तसे नाही. ११५ वर ठेवलेला स्विच आतला दाब दुप्पट करतो. त्यात २३० व्होल्ट शिरले, की सुमारे ३२५ ऐवजी ६५० व्होल्ट तयार होतात आणि कपॅसिटर फुटतात. उलट चूक झाली, तर संगणक फक्त सुरू होत नाही.

७/७
आजच्या बहुतेक वीजपुरवठ्यांवर ‘१००–२४०’ असे छापलेले असते. तेथे केवळ प्लगचा आकार जुळवावा लागतो. तरीही परदेशी यंत्र जोडण्यापूर्वी ती पट्टी जरूर वाचा. सोय म्हणून घेतलेला निर्णय रूढ झाला, की तो मोडणे पुढच्या पिढ्यांना परवडत नाही. त्यांच्या हाती उरतो तो एक लाल स्विच.