आकाशातून पाहण्याचा अधिकार: महाड–पोलादपूरच्या आधारे एक विवेचन

पोलिसांनी लहान विमानांच्या, मुख्यत्वे ड्रोनच्या, साहाय्याने करावयाची स्थानिक टेहळणी हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. आधारासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर हे तालुके घेतले आहेत. डोंगरउतारावरील वाड्या, सावित्रीचा पूर, औद्योगिक वसाहत आणि मोठे सार्वजनिक मेळावे हे चारही घटक येथे एकत्र आढळतात, हे त्याचे कारण. प्रतिपाद्य असे: आपला कायदा उड्डाणाचे नियमन करतो, पाहण्याचे करत नाही, खाजगीपणाची हानी मात्र पाहण्यात आणि त्याहूनही अधिक पाहिलेले जपून ठेवण्यात आहे.

प्रथम संज्ञा. अवलोकन म्हणजे क्षणापुरते पाहणे; त्याची नोंद उरत नाही. टेहळणी म्हणजे विशिष्ट प्रदेशावर हेतुपूर्वक व काही काळ दृष्टी ठेवणे. पाळत म्हणजे विशिष्ट व्यक्तीवर अशी दृष्टी ठेवणे. अभिलेखन म्हणजे दृश्य साठवणे. पहिल्या तिन्हींमध्ये भेद प्रमाणाचा आहे, चौथ्याचा भेद जातीचा आहे. कारण प्रदेशाचे साठवलेले दृश्य पुढे केव्हाही उघडून त्यात एका माणसाचा माग काढता येतो. त्या क्षणी जुनी टेहळणी पाळतीत रूपांतरित होते, आणि हे रूपांतर घडण्यासाठी नवे उड्डाण लागत नाही.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहराचे उदाहरण येथे निर्णायक आहे. 2020 साली तेथील पोलिसांच्या वतीने लहान विमाने दिवसा शहरावर घिरट्या घालत चित्रण करीत. चित्रात माणूस जेमतेम एका बिंदूएवढा दिसे, म्हणून ओळख पटणे अशक्य, असा बचाव होता. 2021 साली अपील न्यायालयाने तो मान्य केला नाही. तो बिंदू दिवसअखेर कोणत्या घरी थांबतो व सकाळी कोठून निघतो हे कळले की नाव आपोआप कळते. चित्राची अस्पष्टता हे खाजगीपणाचे संरक्षण नव्हे.

खाजगीपणा हा व्यक्तीचा हक्क आहे, मालमत्तेचा नव्हे. हा भेद महाडला अपरिचित नाही. 1927 साली चवदार तळ्यासंबंधी जो दिवाणी दावा दाखल झाला, त्यात तळे स्पृश्यांच्या खाजगी मालकीचे असल्याचे वादींचे म्हणणे होते. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयात ते अखेरीस अमान्य झाले. मालकीवर उभारलेला खाजगीपणा इतरांना वगळण्याचे साधन होऊ शकतो, हे या गावाने अनुभवले आहे. म्हणून येथे कुंपणाचा हक्क अभिप्रेत नाही. आपले शरीर, घरातील वर्तन आणि इतरांशी असलेले संबंध यांची माहिती कोणापर्यंत जावी हे ठरवण्याचा हक्क अभिप्रेत आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2004 च्या कॅनरा बँक प्रकरणात हा हक्क स्थळांचा नसून व्यक्तींचा असल्याचे म्हटले. यावरून एक उपसिद्धांत निघतो: सार्वजनिक जागी उभी असलेली व्यक्तीही हा हक्क सर्वस्वी गमावत नाही.

आता साधनाचा विचार. ड्रोन नियम, 2021 वजनावरून पाच वर्ग करतात: 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत लहान, 150 किलोपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठा. ही विभागणी विमान कोसळल्यास किती इजा होईल या प्रश्नाचे उत्तर आहे. ते किती पाहू शकते हा प्रश्न तिने विचारलेलाच नाही. हरित क्षेत्रात 120 मीटर, म्हणजे 400 फूट, उंचीपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. या उंचीवरून 24 मि.मी. समतुल्य भिंगाचा कॅमेरा सरळ खाली रोखला, तर सुमारे 180 मीटर रुंदीची पट्टी चित्रात येते. चित्राची रुंदी 4,000 बिंदूंची असेल तर एका बिंदूत साडेचार सेंटीमीटर जमीन मावते व माणसाचे खांदे दहा बिंदूंत संपतात. तेथूनच दहापट झूम केले की बिंदू अर्ध्या सेंटीमीटरहून लहान होतो, आणि कॅमेरा किंचित तिरका करताच ओळखीच्या माणसाला ओळखता येईल इतका तपशील हाती येतो. उंचीचे बंधन हे तपशिलाचे बंधन ठरत नाही.

डोंगराळ मुलखात तर ते उंचीचेही बंधन उरत नाही. सामान्य ड्रोन आपली उंची उड्डाणस्थळापासून मोजतो. आंबेनळी घाटातील वळणावरून सोडलेला ड्रोन दरीवर गेला की त्याखालची जमीन शेकडो मीटर खोल असते. तोच पायथ्याच्या रस्त्यावरून सोडून उताराच्या दिशेने नेला, तर 120 मीटरवर तो वरच्या वाडीच्या अंगणासमोर येऊन उभा राहतो. पडद्यावरील आकडा दोन्ही वेळा तोच असतो.

या वाड्यांतील घराची रचना येथे लक्षात घेतली पाहिजे. तेथील खाजगीपणा भिंतींनी थोडा आणि उतार, झाडी व कुड यांनी अधिक राखलेला असतो. पडवी वाटेला उघडी असते, पण वाट वाडीतल्याच माणसांची असते. परसात कुडाची किंवा जुन्या लुगड्याच्या आडोशाची न्हाणी असते. तिला चार बाजू असतात, छप्पर नसते. जमिनीवरून येणाऱ्या नजरेसाठी चार बाजू पुरतात, आणि वरून येणारी नजर आजवर नव्हती. छप्पर नसणे याचा अर्थ वरून पाहण्यास संमती असा होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 च्या सिराओलो प्रकरणात याच्या उलट मत दिले: हजार फुटांवरून जाणाऱ्या कोणाही प्रवाशाला जे परसात दिसू शकते, ते पोलिसांनी लहान विमानातून पाहिले तर ती झडती नव्हे. हा युक्तिवाद नेहमीच्या हवाई वाहतुकीवर उभा आहे. पोलादपूरच्या वाडीवरून शंभर मीटरवर कोणताही प्रवासी जात नाही. म्हणून तो येथे लागू पडत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 77 स्त्रीला खाजगी कृती करताना पाहणाऱ्या वा टिपणाऱ्या कोणाही व्यक्तीला शिक्षा सांगते. परंतु परिसराचे चित्रण करताना सहज टिपल्या गेलेल्या दृश्याचे पोलिसांनी काय करावे, हे ते सांगत नाही.

कायद्याची स्थिती तीन पायऱ्यांनी स्पष्ट होते. पहिली पायरी 1962 ची. खडकसिंग प्रकरणात उत्तर प्रदेश पोलिसांच्या विनियमांतील रात्रीच्या गृहभेटी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या, कारण ते विनियम केवळ विभागीय सूचना होते, कायदा नव्हते. घराभोवतीची गुप्त पाळत मात्र तेव्हा टिकली. दुसरी पायरी 24 ऑगस्ट 2017 ची. पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यावरील आक्रमणासाठी कायद्याचा आधार, वैध हेतू व प्रमाणबद्धता या कसोट्या घातल्या. तिसरी पायरी 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाची. त्याच्या कलम 17 ने गुन्ह्याचा प्रतिबंध व तपास यांसाठी केलेल्या विदाप्रक्रियेला बहुतेक बंधनांतून मोकळे केले. साठ्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी तेवढी ठेवली.

पोलिसांच्या बाजूने महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चे कलम 64 पुढे केले जाईल. ते पोलिसांना गुन्ह्यांची माहिती मिळवण्याचे कर्तव्य सांगते. परंतु कर्तव्य सांगणे आणि विशिष्ट साधन वापरण्याचा अधिकार देणे या भिन्न गोष्टी आहेत. झडतीसाठी स्वतंत्र कलमे आहेत ती याच कारणाने. 18 मे 2020 रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने पॅरिसमध्ये टाळेबंदी पाहण्यासाठी उडणारे पोलिसांचे ड्रोन थांबवले. माणूस ओळखू येण्याची शक्यता आहे आणि तिला मर्यादा घालणारा नियम नाही, एवढे कारण त्यास पुरले.

हेतूनुसार टेहळणीचे प्रकार पडतात. सर्वांना एकच माप लावणे चूक होय.

(1) जीवितरक्षण. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील पूल वाहून गेला, त्यानंतर हेलिकॉप्टरांनी नदीपात्र व खाडी धुंडाळली. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही त्याच दिवशी माणसे गाडली गेली. अशा वेळी वरून पाहण्याला कोणाचा आक्षेप असू शकत नाही, आणि आदेशाची वाट पाहणेही अयोग्य. मात्र जुलैतील मुसळधार पाऊस व वारा यांत लहान ड्रोन फारसा उडू शकत नाही. आपत्तीच्या नावाने घेतलेले साधन म्हणून वर्षाचे उरलेले महिने अन्य कामासाठी मोकळे राहते. हेतूचे स्थलांतर येथून सुरू होते.

(2) नदी व वाळू. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी वाळू उपशावर ड्रोनने लक्ष ठेवण्याचा मार्ग सुचवला आहे. मासेमारीबाबत राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने जानेवारी 2025 मध्ये रायगडसह किनारी जिल्ह्यांत ड्रोन-टेहळणी सुरू केली. पात्र व समुद्र ही वस्ती नव्हे. येथे हानी अल्प असते. मात्र काठ आणि वस्ती एकाच चित्रात येत असतील तर काठापुरते चित्र राखून बाकीचे छाटले पाहिजे.

(3) औद्योगिक वसाहत. अमेरिकेत 1986 च्या डाऊ केमिकल प्रकरणात रासायनिक कारखान्याचे विमानातून काढलेले छायाचित्र वैध ठरले. कंपनीला शरीर नाही व घर नाही. महाडच्या वसाहतीतील कारखान्यांबाबत हा निष्कर्ष स्वीकारण्यास हरकत नसावी. कामगारांच्या खोल्यांना तो लागू नाही.

(4) मेळावा. हा प्रकार सर्वांत कठीण आहे. 20 मार्च व 25 डिसेंबरला चवदार तळ्यावर, तसेच शिवराज्याभिषेकदिनी रायगडावर मोठा जनसमुदाय येतो. गर्दी कोठे दाटली, वाट कोठे अडली, हे पाहणे चेंगराचेंगरी टाळण्यासाठी आवश्यक आहे आणि त्यासाठी चेहरा लागत नाही, चित्र साठवावेही लागत नाही. चेहऱ्यांसह साठवलेले चित्र मात्र उपस्थितांची नोंदवही होते. मुंबई इलाख्याच्या पोलिसांनी डॉ. आंबेडकरांच्या सभा-चळवळींविषयी ठेवलेली गोपनीय टिपणे 1982 साली राज्य शासनाने प्रसिद्ध केलेल्या साधनग्रंथात छापली आहेत. इतिहासाला त्यांचा उपयोग झाला. पण पोलिसी नोंद तिच्या हेतूहून अर्धशतक अधिक जगते हेही त्यावरून सिद्ध होते. त्या टिपणांत बहुधा वक्त्यांची नावे असत. आजच्या चित्रात मागच्या रांगेतील मजूरही असतो.

(5) सर्वसाधारण गस्त, म्हणजे हेतू न सांगता वस्तीवर ड्रोन फिरवणे. पुट्टस्वामीच्या कसोट्यांवर ती टिकत नाही.

तुलनेसाठी गावठाण मोजणीचे उदाहरण घ्यावे. पुरंदर तालुक्यातील सोनोरीपासून राज्यात सुरू झालेल्या या कामात ग्रामस्थांना आधी सूचना मिळते, घरांच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात, मग ड्रोन येतो, आणि शेवटी मिळकत पत्रिका हाती पडते. दिवस ठाऊक, हेतू ठाऊक, फलित हातात. जी पारदर्शकता मोजणीला शक्य झाली ती पोलिसांना, तपास चालू असलेली प्रकरणे वगळता, अशक्य का असावी याचे कारण सापडत नाही. ज्या दिवशी ड्रोन सोडला त्याची वेळ, ठिकाण, हेतू व आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद ग्रामपंचायतीच्या फलकावर नंतर लावता येते.

राहिला पुनर्वापराचा प्रश्न. समजा, पुरात माणसे शोधताना टिपलेल्या चित्रात एखाद्याचे विनापरवाना बांधकाम दिसले. ते चित्र त्याच्याविरुद्ध वापरावे काय? भारतात न्यायालये पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो प्रस्तुत आहे की नाही हे पाहतात. 1973 च्या पूरणमल निकालापासून अवैध झडतीत सापडलेली वस्तूही पुराव्यातून केवळ त्या कारणाने वगळली जात नाही. म्हणून चुकीच्या टेहळणीला न्यायालयाच्या दारात अटकाव होणार नाही. तो साठवणीच्या टप्प्यावरच करावा लागेल: जीवितरक्षणासाठी घेतलेले चित्र शोधकार्य संपताच पुसावे, अपवाद फक्त मृत्यू किंवा गंभीर इजेशी संबंधित चित्राचा, आणि तोही दंडाधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने. अन्यथा पुढच्या पुरात छपरावर अडकलेला माणूस ड्रोन दिसताच हात हलवण्यापूर्वी, आपल्या अंगणात आणखी काय दिसत असेल याचा विचार करील.