दुभंगलेला ओठ आणि चार दानं



दुभंगलेल्या ओठाचं बाळ जन्मलं की आपल्याकडे पहिला प्रश्न आईला विचारतात, "ग्रहणात विळीवर बसली होतीस का गं?" चाळीस वर्षांपूर्वी शेजारच्या सुनेला हा प्रश्न माझ्यादेखत विचारला गेला. मी गप्प बसले. त्या बाळाला दूध ओढता येत नसे, पाजलेलं नाकातून परत येई. ती बाळाला घेऊन माहेरी गेली, ती परतलीच नाही.

खरं म्हणजे गर्भ जेमतेम सात आठवड्यांचा होईपर्यंत ओठाचे भाग जुळतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत टाळू. कधी कधी ते जुळायचे राहून जातात. त्या वेळी अनेकींना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. मग विळीचा काय दोष?

यावर उपाय नव्हता असंही नाही. तुटलेले कान, नाक, ओठ जोडण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे. पुढे शहरांत प्लास्टिक सर्जन आले. पण पाड्यावरच्या मजुराला गाडीभाडं, बुडालेला रोज आणि ऑपरेशनचा खर्च कसा झेपावा? हे बरं होतं, हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं.

हे अंतर ज्यांनी कमी केलं, त्यांतलं मोठं नाव डॉ. शरदकुमार दीक्षित. जन्म १९३० चा. अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाले आणि १९६८ पासून भारतात येऊन मोफत शिबिरं घेऊ लागले. १९७८ मध्ये मोटार अपघातात शरीराची एक बाजू अधू झाली. नंतर स्वरयंत्राच्या कॅन्सरने आवाज गेला, हृदयविकारही जडला. तरीही चाकाच्या खुर्चीत बसून ते येत राहिले. स्वतःचा आवाज गमावलेल्या या माणसाने हजारो मुलांचे ओठ शिवले. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने त्यांच्या शिबिरांची व्यवस्था पाहिली, याचा मला फार अभिमान वाटतो.

श्रावकाला चार दानं सांगितली आहेत. आहार, औषध, ज्ञान आणि अभय. मला वाटतं, या एका ऑपरेशनमध्ये चारही येतात. औषधदान तर उघडच आहे. ओठ साधारण तीन महिन्यांनंतर शिवतात, टाळू साधारण वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास. टाळू बंद झाला की घास नाकात चढत नाही, हे आहारदान. बोलण्याचा सराव करून घेतला की शब्द स्पष्ट येतात, बाईंनी विचारलेल्या प्रश्नाला मूल वर्गात उत्तर देतं, हे ज्ञानदान. आणि तोंडावर रुमाल न धरता ते लग्नाच्या पंगतीत बसतं, हे अभयदान.

कोणी म्हणेल, हे तर नामकर्माचं फळ. शरीराची घडण नामकर्माने होते, हे आपलं शास्त्र सांगतंच. पण तेच शास्त्र अनुकंपाही सांगतं. दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब मांडायला आपल्याला कोणी बसवलेलं नाही. दुःख पाहून आपण काय केलं, तेवढंच आपल्या खात्यावर जमा होतं.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी आणि मोफत उपचार होतात. तेव्हा घरी, भावकीत किंवा कामवालीच्या वस्तीत असं बाळ जन्मलं, तर आईला ग्रहणाचं विचारू नका. बाळ दूध कसं पितं, वजन वाढतं का, ते विचारा आणि आशाताईंना किंवा अंगणवाडीत लगेच कळवा.

त्या शेजारणीचा पत्ता आज माझ्याकडे नाही. दर संवत्सरीला तिची आठवण येते. तेव्हा मी गप्प बसले, त्याबद्दल मिच्छामि दुक्कडं.