पाकिटातलं गाव: जपानी खाऊच्या तीन जाहिराती, तीन गाणी

हेडफोन नीट लावा, आज आपण जपानला चाललोय. विषय गमतीचा आहे: खाऊच्या जाहिरातींतली गाणी. तुम्ही म्हणाल, यात कसला आलाय इतिहास? मलाही तसंच वाटलं होतं. पण तीन जाहिराती ओळीने लावून पाहिल्या आणि त्यात एका देशाची पंधरा-वीस वर्षं सापडली.

पहिली जाहिरात १९६० च्या दशकाच्या शेवटची. मोरिनागा कंपनीचं 'एल' चॉकलेट. यामामोतो नाओझुमी नावाचे नावाजलेले संगीतकार चक्क बलूनमध्ये उभे राहून गाणं कंडक्ट करतात. गाण्याचा सूर एकच, जे मोठं ते चांगलं. बरोबरच आहे म्हणा! जपानची अर्थव्यवस्था तेव्हा वर्षाला साधारण १० टक्क्यांनी वाढत होती. १९६८ मध्ये तो भांडवलशाही देशांत अमेरिकेखालोखाल दुसऱ्या नंबरवर पोचला.

पण हे मोठेपण कोणाच्या जिवावर आलं? १९५४ पासून उत्तरेकडच्या आओमोरीसारख्या भागांतून टोकियोच्या उएनो स्टेशनकडे खास रेल्वेगाड्या सुटायच्या. आत कोण, तर नुकतीच शाळा संपवलेली १५ वर्षांची मुलं. कारखान्यांत, दुकानांत कामाला निघालेली. लोक त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर चाकरमानीच, फक्त मिसरूड न फुटलेले.

या पिढीचा आवाज म्हणजे मिहाशी मिचिया. होक्काइदोचा, लोकगीतांवर गळा तयार झालेला गायक. १९५६ मध्ये सफरचंदांच्या गावावरचं त्याचं गाणं तुफान गाजलं. १९५८ च्या 'युयाके तोम्बी'मध्ये तर गावात मागे राहिलेलं पोर आकाशातल्या घारीकडे बघत टोकियोला गेलेल्या भावाची आठवण काढतं. शहरात एकट्या पडलेल्या पोरांना हे ऐकून काय वाटत असेल, वेगळं सांगायला नको.

आता दुसरी जाहिरात. १९६८ मध्ये मेइजी कंपनीने 'कार्ल' आणला, मक्याचा फुलवलेला हलका खाऊ. पुढे १९७३ मध्ये तेलसंकट आलं. १९७४ मध्ये युद्धानंतर पहिल्यांदाच जपानची अर्थव्यवस्था वाढण्याऐवजी आकसली. त्याच वर्षी कार्लच्या जाहिरातीत एक कार्टून काका अवतरले, डोक्यावर गवताची टोपी घातलेले शेतकरी. शेतं, डोंगर, निवांत गाव. गाणं होतं आपल्या गावासारखं काही नाही, अशा अर्थाचं. आणि आवाज? मिहाशी मिचियाचा!

जरा हिशेब करा. १९५६ मध्ये गाडीत बसलेला १५ वर्षांचा मुलगा १९७४ मध्ये ३३ वर्षांचा झाला होता. घरात टीव्ही, समोर लेकरं, लेकरांच्या हातात पाकीट. ज्या आवाजाने त्याला एकेकाळी रडवलं, तोच आता टीव्हीतून खाऊ विकत होता. मला हे जरा टोचतं. पण त्या आवाजामुळे बापाला पोरांशी गावाबद्दल बोलायला निमित्त मिळालं असेल, हेही नाकारता येत नाही.

तिसरी जाहिरात १९८१ ची. ग्लिकोचं 'पोकी', म्हणजे चॉकलेट लावलेल्या बारीक बिस्किटकाड्या. गाणं मात्सुदा सेइकोचं 'काझे ताचिनु'. शब्द मात्सुमोतो ताकाशीचे, चाल ओताकी एइइचीची. हे शरद ऋतूतल्या विरहाचं सरळसरळ पॉप गाणं होतं आणि ते ओरिकॉनच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. याला तिथे 'टाय-अप' म्हणतात. कंपनीला हिट गाणं मिळतं, गाण्याला टीव्हीवर रोजची हजेरी. गाव मात्र या गाण्यात कुठेच नाही. शहरात जन्मलेल्या मुलांना कशाला आठवेल ते?

शेवटी कार्लचं काय झालं, तेही सांगतो. १९९० च्या दशकात त्याची वर्षाची विक्री सुमारे १९०० कोटी येन होती. २०१५ पर्यंत ती ६०० कोटींच्या आसपास आली. बटाट्याच्या चिप्सनी बाजार खाल्ला. २०१७ मध्ये कंपनीने देशाच्या पूर्व भागात कार्ल विकणं थांबवलं. आता तो शिकोकू बेटावर, मात्सुयामाला बनतो आणि पश्चिमेकडेच विकला जातो. म्हणजे ती मुलं ज्या आओमोरीतून निघाली तिथेही तो मिळत नाही आणि ज्या टोकियोत म्हातारी झाली तिथेही नाही.

तर पुढच्या वेळी जाहिरात आली की 'स्किप' दाबायच्या आधी पाच सेकंद थांबा. गाणं कोणासाठी वाजतंय, कोणाची आठवण विकली जातेय, ते ऐका. घरात कोणी गाव सोडून आलेलं असेल, तर त्यांना तेव्हाचं एखादं गाणं विचारा. मला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूया!