सिग्नलची कुळकथा: प्रोग्रामच्या शेवटासाठी केलेली सोय

लिनक्स, मॅकओएस किंवा अँड्रॉइडवर एखादा प्रोग्राम कोसळतो, तेव्हा बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने त्याला सिग्नल दिलेला असतो. मनाई असलेल्या मेमरीला हात लावला की सिगसेगव्ही, स्वतःहून हार मानली की सिगअबॉर्ट, वापरणाऱ्याने कंट्रोल-सी दाबले की सिगइंट. बहुतेक सिग्नलांना प्रोग्रामर आपले फंक्शन, म्हणजे हँडलर, जोडू शकतो. जोडता येते म्हणून त्या हँडलरकडून फार मोठ्या अपेक्षा ठेवल्या जातात: त्याने लॉग लिहावा, अर्धवट काम सेव्ह करावे, जमल्यास प्रोग्राम पुढे रेटावा. सिग्नलचे कूळ तपासले तर या अपेक्षांना मुळात आधारच नाही असे दिसते. सिग्नल जन्मला तो प्रोग्राम संपवण्यासाठी आणि तो का संपला याचा पुरावा ठेवण्यासाठी. बाकीची कामे त्याच्यावर पुढे लादली गेली, आणि त्याच्या नावावरचे बहुतेक दोष या लादलेल्या कामांतून आले आहेत.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवले. त्याआधी दोघांनी मल्टिक्स या अवाढव्य प्रकल्पावर काम केले होते. 1969 मध्ये बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली. मल्टिक्सची मुख्य भाषा पीएल-वन हिच्यात चुका पकडून त्यांवर उपाय करण्याची तपशीलवार व्यवस्था होती. युनिक्सने ती घेतली नाही. 3 नोव्हेंबर 1971 या तारखेच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये इंटरप्ट, क्विट आणि बेकायदा इन्स्ट्रक्शन यांसाठी वेगवेगळे सिस्टिम कॉल दिसतात. त्याच मॅन्युअलमध्ये 'कोअर' नावाच्या फाइलला स्वतंत्र पान आहे. प्रोग्राम अनपेक्षितपणे अडखळला किंवा वापरणाऱ्याने क्विट पाठवले, की त्याची सगळी मेमरी जशीच्या तशी या फाइलमध्ये उतरवली जाई. त्या काळची मेमरी चुंबकीय कड्यांची, म्हणजे 'कोअर'ची असे, म्हणून फाइलचे नाव तेच पडले. म्हणजे अगदी पहिल्या मॅन्युअलपासून रचना दोन भागांची होती: प्रोग्राम संपवायचा आणि त्याचा पंचनामा करायचा. 1973 च्या चौथ्या आवृत्तीत ते विखुरलेले कॉल 'सिग्नल' या एकाच कॉलखाली आले. क्रमांक ठरले ते पीडीपी-11 या यंत्राच्या सोयीने. सहावा सिग्नल त्याच्या आयओटी या इन्स्ट्रक्शनवरून आला, तर पहिला आला टेलिफोनची लाइन तुटण्यावरून. ते यंत्र केव्हाच इतिहासजमा झाले, पण आजच्या लिनक्सवरही सेगमेंटेशन फॉल्टचा क्रमांक अकराच आहे.

सिग्नलचा मूळ स्वभाव सर्वांत स्वच्छ दिसतो 1979 च्या सातव्या आवृत्तीत. तिच्या यादीत पंधरा सिग्नल आहेत आणि हँडलर नसेल तर पंधराही प्रोग्राम संपवतात. नवव्याला, म्हणजे सिगकिलला, तर कोणी अडवूच शकत नाही. हँडलर सर्वसाधारणपणे एकदाच चाले. सिग्नल पोहोचला की जोडणी सुटे. तो पुन्हा जोडण्याआधी तोच सिग्नल परत आला तर प्रोग्राम संपे, आणि ही उणीव मॅन्युअलनेच नोंदवून ठेवली होती. मरणाऱ्या प्रोग्रामला हँडलर एकदाच लागतो, म्हणून मूळ हेतूला एवढी सोय पुरेशी होती. ती अपुरी पडली ती सिग्नलकडून रोजची कामे करून घ्यायला सुरुवात झाल्यावर. बर्कलीच्या युनिक्सने प्रोग्राम थांबवणारे आणि पुन्हा सुरू करणारे सिग्नल आणले. मग 1983 च्या 4.2 बीएसडीने हँडलर जोडलेला ठेवण्याची आणि सिग्नल काही काळ रोखून धरण्याची सोय दिली, आणि 1988 च्या पॉझिक्स प्रमाणकाने 'सिगअ‍ॅक्शन'च्या रूपात तिला सर्वमान्यता दिली.

तरीही एक दोष या दुरुस्त्यांच्या आवाक्याबाहेर राहिला. सिग्नल प्रोग्रामला कोणत्याही दोन इन्स्ट्रक्शनांच्या मध्ये गाठतो. त्या क्षणी मेमरी वाटून देणारे 'मॅलॉक' हे फंक्शन मेमरीच्या याद्या बदलत असेल आणि हँडलरनेही 'मॅलॉक'च बोलावले, तर अर्धवट बदललेल्या याद्यांवर काम सुरू होते. कधी प्रोग्राम कायमचा अडकतो, कधी मेमरी बिघडते. म्हणूनच पॉझिक्सने हँडलरमध्ये चालतील अशा फंक्शनांची यादी दिली आहे, आणि तिच्यात ना 'मॅलॉक' आहे ना 'प्रिंटएफ'. हा धोका केवळ पुस्तकी नाही. 1 जुलै 2024 रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी, सर्व्हरवर दुरून लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचमधील एक गंभीर दोष जाहीर केला. लॉगिनची मुदत संपली की येणाऱ्या सिग्नलच्या हँडलरमधून लॉग लिहिणारे फंक्शन बोलावले जात होते, आणि त्या फटीतून बाहेरचा माणूस सर्व्हरचा ताबा घेऊ शकत होता. हाच दोष 2006 मध्ये दुरुस्त झाला होता, पण ऑक्टोबर 2020 च्या एका बदलात परत आला. अत्यंत काळजीने लिहिलेल्या प्रोग्रामचीही ही गत झाली. नव्या दुरुस्तीत हँडलरचे लॉग लिहिण्याचे काम काढून मुख्य प्रोसेसकडे दिले गेले. हँडलरने फक्त संपायचे, नोंद दुसऱ्याने करायची: 1971 च्या मूळ रचनेकडेच ही वाटचाल होती.

यावर आक्षेप येतो, की सिगसेगव्ही पकडून पुढे चालणारे यशस्वी प्रोग्राम आहेतच. स्टीव्ह बोर्न यांचा सातव्या आवृत्तीतला शेल मेमरी संपली की हा सिग्नल पकडून आणखी मेमरी मागून घेई. पण मोटोरोला 68000 या प्रोसेसरवर अडखळलेली इन्स्ट्रक्शन नीट पुन्हा चालवता येत नसे, आणि तिथे ही युक्ती शेल नेणाऱ्यांना भोवली. जावाचे हॉटस्पॉट यंत्र रिकाम्या संदर्भाची चूक याच सिग्नलवरून ओळखते, आणि ते टिकते. कारण कोणती इन्स्ट्रक्शन अडखळू शकते हे तो कोड निर्माण करणाऱ्या यंत्राला आधीच ठाऊक असते. भरकटलेल्या पॉइंटरने कोसळलेल्या सामान्य प्रोग्रामला आपली कोणती मेमरी शाबूत आहे हेच कळत नाही. दुसरा आक्षेप असा, की कोसळू दिले तर वापरणाऱ्याचे काम बुडेल. पण सिगकिल आला किंवा वीज गेली तर हँडलरला संधीच मिळत नाही. त्यामुळे काम वाचवायचे तर ते आधीपासून, वेळोवेळी वाचवत राहावे लागते. जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी 2003 मध्ये 'क्रॅश-ओन्ली' प्रोग्रामची कल्पना मांडली ती याच दिशेने: थांबण्याचा एकच मार्ग कोसळणे आणि सुरू होण्याचा एकच मार्ग त्यातून सावरणे.

म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आग्रहाने सांगायचे ते असे. बंद करण्याच्या विनंतीचा सिग्नल आला तर हँडलरमध्ये फक्त एक खूण ठेवा किंवा पाइपमध्ये एक बाइट लिहा, आणि खरे काम मुख्य लूपमध्ये करा. लिनक्सवर 2007 पासून सिग्नल फाइलसारखे वाचू देणारा 'सिग्नलएफडी'ही हाताशी आहे. कोसळण्याचा सिग्नल आला तर हँडलरला वेगळा स्टॅक द्या, कारण कित्येकदा संपलेला असतो तो मूळ स्टॅकच. 'राइट'ने ठरलेली एक ओळ लिहा, मूळ वर्तन परत आणा आणि तोच सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवा, म्हणजे कोअर फाइल तयार होईल आणि पालक प्रोसेसला मरणाचे खरे कारण कळेल. पुन्हा उभे करण्याचे काम त्या पालकाकडे सोपवा. कोसळलेला प्रोग्राम ओढूनताणून जिवंत ठेवणारा हँडलर घडलेल्या चुकीचा पुरावाच पुसून टाकतो; असा हँडलर लिहू नका.